आधी पिशवी दाखवा

रात्री दोनच्या सुमारास आत्याने फडताळातले सगळे डबे खाली काढले. तूर, मटकी, हरभरा, शेंगदाणे, सगळं वर्तमानपत्रांवर ओतलं आणि चिंचेचा गोळा घेऊन ती पितळी डबे घासायला बसली. भांड्यांच्या आवाजाने मामा, म्हणजे आत्याचे यजमान, उठून आले. स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले, "अगं, दोन वाजलेत. झोप आता." ती हसून म्हणाली, "मला झोप लागतच नाही हो. लग्न होऊन आले होते ना या घरात, तशी ताकद वाटतेय अंगात." उजाडेपर्यंत एकोणीस डबे लखलखीत झाले होते.

खरं तर घरात सगळ्यांना बरंच वाटलं. दोन महिने ती तोंडातल्या जखमांनी धड जेवली नव्हती. पाठीवर पाण्याचे फोड येत, फुटत, कपड्यांना चिकटत. पेम्फिगस नावाचा आजार निघाला. यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच कातडीवर उलटते. गोळ्या सुरू झाल्या, फोड वाळू लागले, ती भाकरी खाऊ लागली. आता कामालाही लागली म्हणून आम्ही खूश होतो.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, शेजारचे लोक गच्चीवरच्या टाकीत काहीतरी टाकतात. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी तिने टाकीचं पाणी प्यायचंच सोडलं. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. कुणीतरी 'बाहेरचं' बघणाऱ्याचा पत्ता दिला, तिथेही घरचे जाऊन आले. आठवडा असाच गेला. शेवटी साताऱ्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे तिला नेलं. त्यांनी आत्याला नाव विचारलं, वार विचारला, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "गोळ्यांची पिशवी आणलीये का?"

साडीच्या दुकानाची ती पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. प्रेडनिसोलोन, चाळीसची एक आणि वीसची एक, रोज मिळून ६० मिलिग्रॅम. "ही कधी सुरू झाली?" मामांनी बोटांवर मोजलं. "आणि डबे कधी घासले?" मामांनी पुन्हा बोटांवर मोजलं. मध्ये नऊ दिवस होते.

गोळ्या लिहून देणाऱ्याने आम्हाला साखर वाढेल असं सांगितलं होतं, तोंडावर सूज येईल असं सांगितलं होतं, जेवल्याशिवाय घेऊ नका असंही बजावलं होतं. मनाबद्दल एक शब्द निघाला नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. त्या एका वाक्याच्या अभावी माझी आत्या आठवडाभर स्वतःच्या घरात तहानलेली राहिली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

'मन' या विषयावर काहीतरी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मला ती पिशवी आठवली. मनाच्या आजारांवरच्या औषधांबद्दल आपण बरंच वाचतो. इतर आजारांवरची औषधं मनाचं काय करतात, ते बघायला मी निघाले.

मध्यरात्रीची सकाळ

आत्याची प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइड म्हणजे आपल्याच शरीरातल्या कॉर्टिसोलची नक्कल. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ते बनवतात. पहाटे त्याची भरती येते, मध्यरात्रीच्या सुमारास ओहोटी. आपल्याला सकाळी जाग येते आणि रात्री डोळे जड होतात, त्यात या भरती-ओहोटीचा मोठा हात आहे. म्हणूनच स्टेरॉइडची गोळी शक्यतो सकाळच्या न्याहारीनंतर घ्यायला सांगतात. रात्री घेतली तर मेंदूला वाटतं, उजाडलं. मोठा डोस असला की गोळी सकाळी घेऊनही ती पहाट दिवसभर आणि रात्रभर मावळत नाही. आठवण आणि भावना सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत कॉर्टिसोल पकडणारे ग्राहक खच्चून भरलेले असतात, आणि नेमका तिथेच हा मारा होतो.

याचा हिशेब फार आधी मांडला गेला आहे. बोस्टनमधल्या एका औषध-निरीक्षण प्रकल्पाने १९७२ साली प्रेडनिसोन घेणाऱ्या ७१८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मानसिक त्रास झालेले १.३ टक्के, ४१ ते ८० घेणाऱ्यांत ४.६ टक्के, आणि ८० च्या वर गेलेल्यांत १८.४ टक्के. डोस चढतो तसा धोका चढतो. बहुतेकांचा त्रास पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. आत्याचे नऊ दिवस या हिशेबात चपखल बसतात. पूर्वी कधी मनाचा आजार झाला नसेल तर आपण सुरक्षित आहोत, असंही म्हणता येत नाही. आत्या आयुष्यात कधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नसे.

कॉर्टिसोन हे स्टेरॉइड जगाला देणाऱ्या फिलिप हेंच, एडवर्ड केंडाल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. संधिवाताने आखडलेली माणसं उठून चालू लागली होती, आणि तो चमत्कार खराच होता. पण सहाच वर्षांत, १९५६ साली, निकोलस रे या दिग्दर्शकाने 'बिगर दॅन लाइफ' हा चित्रपट काढला. त्यातला शिक्षक कॉर्टिसोनने जगतो आणि त्याच कॉर्टिसोनने आपण देवाच्या तोडीचे आहोत असं समजू लागतो. ज्या गोष्टीवर हॉलिवूडने इतक्या लवकर चित्रपट काढला, ती आमच्या घरी कुणी उच्चारलीही नाही.

आपल्याकडे तर स्टेरॉइड चिठ्ठीशिवायही घरात शिरतं. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतून येतं, वजन वाढवायच्या गोळ्यांतून येतं, दम्याच्या 'खात्रीशीर' चूर्णातून येतं. घेणाऱ्याला आपण स्टेरॉइड घेतोय हे ठाऊकच नसतं, मग डॉक्टरला सांगणार काय? २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविडचे रुग्ण घरी येऊनही डेक्सामेथासोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन घेत होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची झोप उडालेली होती, चिडचिड होत होती, काही जण रडत होते. घरचे म्हणत, धसका घेतलाय. धसका होताच. पण शिशिरात पानं गळतात म्हणून वाळवी लागलेलं झाड ओळखायचंच नाही, असं थोडंच आहे?

इथे एक गोष्ट मला ठासून लिहायची आहे. हे वाचून कुणी स्टेरॉइड एकदम बंद करू नका. गोळी बाहेरून येत असते तेव्हा त्या टोपीसारख्या ग्रंथी कामाला सुट्टी देतात. काही आठवड्यांनंतर गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. आत्याचा डोस डॉक्टर बाईंनी त्वचारोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून टप्प्याटप्प्याने उतरवला, फोडांसाठी दुसरं औषध जोडलं, आणि रात्रीसाठी काही दिवस एक छोटी गोळी दिली. तीन आठवड्यांनी ती टाकीचं पाणी प्यायली.

कात्री

कराडजवळच्या एका गावात ओळखीच्या मेडिकलमध्ये मी एक संध्याकाळ स्टुलावर बसून काढली. काउंटरवर सर्वात व्यस्त वस्तू असते ती कात्री. दहाच्या पाकिटातल्या चार गोळ्या कापून द्यायच्या, उरलेल्या सहा पुन्हा खोक्यात. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाच्या नावाचं अर्धं अक्षर राहतं, कधी नुसती किंमत. मूळ नाव, म्हणजे गोळीत आत काय आहे ते, बहुतेकदा उरलेल्या सहांबरोबर जातं. खोक्यातला घडी घातलेला पातळ कागद रद्दीत पडतो. त्या कागदावर आमच्या आत्याची अख्खी गोष्ट बारीक टायपात छापलेली असते.

"ताई, कागद दिला तर लोक घाबरून गोळ्याच घेणार नाहीत," दुकानदार म्हणाला. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ब्लडप्रेशरची गोळी भीतीने सोडलेली माणसं त्याने पक्षाघात होऊन पडलेली पाहिली आहेत.

तासाभरात माझ्यासमोर गेलेली औषधं मी वहीत टिपत होते. सर्दी-खोकल्यासाठी मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिन यांची जोडगोळी सात जणांनी नेली, त्यातली तीन मुलांसाठीची पातळ औषधं. मॉन्टेलुकास्ट दम्यासाठी उपयोगी आहे. पण त्यावर मुलांना दचकवणारी स्वप्नं, झोपेत चालणं, चिडचिड, उदासी आणि क्वचित आत्महत्येचे विचार अशा तक्रारी इतक्या आल्या, की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर चौकटीतला सर्वात कडक इशारा छापायला लावला. नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी दुसरं काही लागू पडत नसेल तरच ते द्या, असंही सांगितलं. मोठ्या पाहण्यांतून हा संबंध ठळकपणे दिसत नाही, हेही तितकंच खरं. लाखो मुलं ते विनात्रास घेतात. मात्र जे मूल रात्री किंचाळत उठतं, त्याच्या आईला इशारा माहीत असेल तरच ती दोन गोष्टी जोडून बघेल. मी एका आईला विचारलं, बाळाला झोप लागते का? ती म्हणाली, "सर्दीने चिडका झालाय." तीन आठवडे ते औषध चालू होतं. उद्या डॉक्टरांना या औषधाबद्दल विचारा, एवढंच मी म्हणाले.

आम्लपित्तासाठी एका काकांनी जी कॅप्सूल नेली, तिने मला जास्त अस्वस्थ केलं. त्यात पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या औषधाला लेव्होसल्पिराइड जोडलेलं होतं. लेव्होसल्पिराइड मुळात मनाच्या आजारांवरचं, डोपामिन अडवणारं औषध. पोट लवकर रिकामं करतं म्हणून ते ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये आलं. महिनोन्‌महिने घेतलं तर हात थरथरतात, चेहरा मख्ख होतो, चाल बारीक होते, माणूस घुमा होतो. घरचे म्हणतात, बाबा रिटायर झाल्यापासून खचलेत. चक्कर आणि अर्धशिशीसाठी सर्रास दिलं जाणारं फ्लुनारिझिनही त्याच वाटेने जातं. त्याने वजन आणि झोप वाढते, आणि काहींना खोल औदासीन्य येतं. उलटीच्या मेटोक्लोप्रमाइडने काही तरण्या पोरांना एका जागी बसवत नाही. पाय आपोआप चालू लागतात, जीव घाबरा होतो. ही घालमेल 'टेन्शन' म्हणून खपून जाते, आणि तिच्यावर आणखी एक गोळी लिहिली जाते.

सायक्लो

मुंबईत क्षयरोग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शिवडीचं रुग्णालय येतं. मी गेले ते मात्र पूर्व उपनगरातल्या एका पालिका दवाखान्यात, जिथे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण गोळ्या घ्यायला येतात. इथे औषधांना घरगुती नावं आहेत. बेडाक्विलिन म्हणजे 'बेडा', लिनेझोलिड म्हणजे 'लिन्झो' आणि सायक्लोसेरिन म्हणजे 'सायक्लो'. डॉक्टर आपसात सायक्लोसेरिनला 'सायकोसेरिन' म्हणतात, आणि जगभरचे क्षयरोगतज्ज्ञ हे नाव वापरतात.

सायक्लोसेरिन मेंदूत सहज उतरतं आणि तिथल्या ग्लुटामेटच्या एका ग्राहकाशी झोंबतं. कुणी उदास होतं, कुणाला कानात आवाज येतात, कुणाला झटके येतात. ते लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड कमजोर असेल तर साठत जातं. दारू त्यात तेल ओतते. त्रास कमी व्हावा म्हणून सोबत ब६ जीवनसत्त्व देतात. दीड वर्षाच्या लांबलचक उपचारात ते वर्षानुवर्षं दिलं गेलं, कारण टीबीचा जंतू इतर औषधांना जुमानत नव्हता.

तिथल्या समुपदेशक ताई बारा वर्षं या कामात आहेत. त्यांनी सांगितलेला प्रसंग एका रिक्षाचालकाचा. वजन वाढत होतं, खोकला गेला होता, सगळे समाधानी. तिसऱ्या महिन्यात तो बायकोवर संशय घेऊ लागला, आणि एका रात्री तिला खोलीत कोंडून दाराबाहेर पहारा देत बसला. चाळीत पसरलं की टीबी डोक्यात गेला. बायको माहेरी निघाली होती. ताई घरी गेल्या आणि त्याच्या आईला म्हणाल्या, "मावशी, तुमचा मुलगा असा नाही. ही गोळी बोलतेय. दोन दिवस द्या मला." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सायक्लोसेरिन थांबवून दुसरं औषध बसवलं. संशय पूर्ण जायला तीन आठवडे लागले.

"ही गोळी बोलतेय." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "हे मी पहिल्याच दिवशी सांगते सगळ्यांना. घरच्यांसमोर. रुग्णाला स्वतःला कळत नाही ना, त्याला ते खरंच वाटतं." नंतर लोकलमध्ये मला कळलं, त्या दुकानदाराच्या भीतीवरचं उत्तर हेच होतं. ताईंचे रुग्ण इशारा ऐकूनही गोळ्या सोडत नाहीत, कारण इशाऱ्याबरोबर त्यांना एक माणूस आणि एक फोन नंबर मिळालेला असतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मंजुरी दिली. त्यात सायक्लोसेरिन नाही. ताईंना याचा आनंद गोळ्यांची संख्या कमी झाली त्यापेक्षा जास्त आहे.

म्हातारपणचा वात

सत्तरीपुढचं माणूस रात्री बडबडायला लागलं, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणालं, मुलाला भाऊ समजलं, की आपण म्हणतो, वात झाला. पुण्यातल्या एका वृद्धरोगतज्ज्ञांबरोबर मी दोन सकाळी बसले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: गेल्या महिन्यात कुठली नवीन गोळी आली?

धोतऱ्याचं बी खाल्लेल्या माणसाची दशा खेड्यात कुणालाही ठाऊक असते. तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, लघवी अडकलेली आणि भ्रम. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन ॲसिटिलकोलिन या रसायनाची वाट अडवतं. तीच वाट थोडी थोडी अडवणारी औषधं आपल्या घरात असतात. खाज-सर्दीच्या जुन्या गोळ्या, पोटात मुरडा आल्यावरचं डायसायक्लोमिन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, नसांच्या दुखण्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलिन, कंपवाताचं ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेकटी गोळी निभते. चार डॉक्टरांनी चार लिहिल्या की म्हाताऱ्या मेंदूत धोतऱ्याचं अख्खं बोंड उतरतं. माझ्यासमोर आलेल्या एका आजींच्या पिशवीत यातल्या तीन निघाल्या. मुलगा स्मृतिभ्रंशाच्या चाचणीसाठी आला होता. डॉक्टरांनी चाचणी पुढे ढकलली आणि दोन गोळ्या कमी केल्या. महिन्याने मी फोन केला तेव्हा आजी स्वतः बोलल्या, आणि मला कोणत्या गावची म्हणून विचारलं.

पागल की दवा

या सगळ्यात एका मुंबईकर डॉक्टरांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे पन्नास रुग्णांच्या आधारे दाखवलं. बिहारकडे या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखाने. पुढे बाझलमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर ते रक्तदाबासाठी पोचलं. मग डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की रक्तदाब उतरलेली काही माणसं विझल्यासारखी झाली आहेत.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात, १९५२ साली, टीबीच्या नव्या औषधांनी रुग्ण वॉर्डात नाचू लागले. त्यातल्या इप्रोनियाझिडमधून नैराश्यावरच्या पहिल्या गोळ्या निघाल्या. एक औषध मन विझवतं, दुसरं पेटवतं, तर मनाचा रसायनांशी संबंध असलाच पाहिजे, हा विचार या दोन दुष्परिणामांतून उभा राहिला. रेसर्पिन आणि नैराश्य यांच्या नात्यावर नंतर बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. तरी मला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. त्या डॉक्टरांनी रुग्णाची कुरकुर लिहून ठेवली होती.

फॉर्म

लिहून ठेवायची सोय आपल्याकडेही आहे. २०१० मध्ये देशात औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतली केंद्रं तिथे माहिती पाठवतात, आणि तिथून ती स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक साठ्यात जाते. डॉक्टर, नर्स, औषधविक्रेता, आणि स्वतः रुग्णसुद्धा कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ हा नंबर फुकट आहे. गोळीनेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरतो. फॉर्ममध्ये विचारतात ते मामांनी बोटांवर मोजलं तेच: गोळी कधी सुरू, त्रास कधी सुरू, गोळी थांबवल्यावर काय झालं.

मी विचारलेल्या नऊ डॉक्टरांपैकी दोघांनी हा फॉर्म कधीतरी भरला होता. अंगावर पुरळ आल्याबद्दल. मन बिघडल्याबद्दल कुणीच नाही. पुरळ दिसतं. एक जण म्हणाले, "रुग्ण रडतोय हे मी दुष्परिणाम म्हणून लिहायचं हे सुचलंच नाही हो कधी." त्यांनी हे इतक्या प्रांजळपणे कबूल केलं की मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. आत्याचा फॉर्म मी भरला, दोन वर्षं उशिरा.

आत्या आता बरी आहे. दुसऱ्या औषधावर आहे, स्टेरॉइड पाच मिलिग्रॅमवर आलं आहे. साडीच्या दुकानाची ती पिशवी तिने बदलली नाही, पण आतल्या प्रत्येक पाकिटावर नातवाकडून मार्करने तारीख घालून घेतली आहे. दिवाळीच्या आधी डबे घासायला मी तिच्याकडे गेले होते. चिंच चोळता चोळता ती आपणहून म्हणाली, "तुला सांगू, टाकीचं ते मला अजून कधी कधी खरंच वाटतं. शेजारीण आली की मी आधी तिच्या हाताकडे बघते." मग तांब्याभर पाणी तिने माझ्यासमोर प्यायलं आणि पुढचा डबा ओढला.